पाचापैकी पाच

कस्तुराबाई सिस्टरांच्या बायकांच्या वॉर्डात चादरीला सुरकुती दिसायची नाही आणि इंजेक्शनला पाच मिनिटं उशीर व्हायचा नाही. तालुक्याच्या त्या दवाखान्यात त्यांनी अशी अठरा वर्षं काढली होती. आता वॉर्डाची इनचार्ज कोण हे ठरायचं होतं, आणि ती जागा आपलीच, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

सत्याऐंशी साली परभणीहून नर्सिंग शिकवणाऱ्या एक मॅडम आल्या. नर्सच्या सेवेवर पेशंट किती खूश आहेत हे मोजायच्या दोन पद्धती त्यांना ताडून पाहायच्या होत्या. जी खरी ठरेल तिच्यावरून इनचार्जची शिफारसही त्याच करणार होत्या.

पहिली पद्धत शब्दांची. वाईट, बरं, चांगलं, लय चांगलं, यातलं एक सांगायचं. सगळ्या बायांनी सगळ्या नर्सना 'लय चांगलं' म्हणून टाकलं. उद्या जिच्या हातून सुई टोचून घ्यायची, तिला तोंडावर वाईट कोण म्हणेल? मॅडमनी कपाळाला हात लावला.

दुसरी पद्धत आकड्यांची. नर्सना बाहेर काढून मॅडम एकेका पेशंट बाईला म्हणाल्या, "प्रत्येक सिस्टरला एक ते पाचमधला नंबर द्या. बोलू नका, नुसती बोटं दाखवा." या वेळी मात्र फरक पडला. कस्तुराबाईंना जवळजवळ सगळ्यांची पाच बोटं, आणि नुकत्याच लागलेल्या चांगुणाला एक. मॅडम खूश झाल्या. हीच पद्धत खरी, उद्या कागद परभणीला जाणार! कस्तुराबाईंचा ऊर भरून आला. चांगुणा औषधांच्या कपाटाआड रडत होती. तिला त्यांनी मोठ्या मनानं समजावलं, "बायांशी गप्पा कमी मार, काम शिक."

दुपारी सात नंबरच्या खाटेवरच्या धनगर म्हातारीची पट्टी बदलताना त्यांनी सहज विषय काढला. म्हातारी चारठाणा गावची, पायाला जखम झालेली.

"काय आजी, चांगुणाला एकच नंबर दिला म्हणे? पोर रडतेय तिकडं."

म्हातारी उठूनच बसली. "रडायली? आगं बाई! पयला नंबर दिलाय मी तिला. नातवाचा साळंत पयला नंबर आला, तवा आमी पेढे वाटले!"

पट्टी गुंडाळणारा हात थांबला. पाच म्हणजे उत्तम, हे मॅडमनी कुणाला सांगितलंच नव्हतं. ही सांगायची गोष्ट आहे असं त्यांना वाटलंही नसेल.

"म्हणजे मला पाचवा?"

"रागवू नका, सिस्टर. तुमचं काम लय नीट हाय. पर म्हैना झाला, तुमी मला 'सात नंबर' म्हणूनच हाक मारता. माजं नाव काय हाय, सांगा बरं?"

नाव केसपेपरवर होतं. त्याच कागदावर कस्तुराबाई रोज ताप लिहीत होत्या. तरी ते आठवेना. अठरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना त्या वॉर्डात उभं राहायची लाज वाटली.

गप्प बसलं असतं तर कुणाला काही कळणार नव्हतं. पट्टी पुरी करून त्या मॅडमच्या खोलीत गेल्या. मॅडम कागदांना टाचण्या लावत होत्या.

"मॅडम, आकडे उलटे वाचलेत आपण. बायांच्या मनात एक म्हणजे पहिला. चांगुणा पहिली आलीय. मी शेवटची."

मॅडमनी हातातली टाचणी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "अहो, मग सोपं आहे. पाच म्हणजे उत्तम, असं नीट सांगून उद्या पुन्हा विचारू."

"नका विचारू," कस्तुराबाई म्हणाल्या. "मला सगळं कळलंय, हे एव्हाना सगळ्या वॉर्डाला कळलं असेल. आता विचारलंत, तर भीतीनं मला पाचच देतील."