धाकट्याची माती

थोरला चंद्रावर होता आणि धाकटा शेडमध्ये. दोन्ही सहा चाकांच्या गाड्या, एकाच साच्यातून काढलेल्या, माणसावाचून चालणाऱ्या. जगात थोरल्याचं पाहून धाकटा शिकतो. इथं सगळं उलटं. थोरल्याला जी चढण चढायची, ती आधी धाकट्यानं शेडमधल्या नकली चांद्रमातीत चढून दाखवायची, मगच वर आज्ञा जायची. दोघांना हाकणारी एकच, म्हणून सगळे तिला सारथीणबाई म्हणत. शेडचा नियमही तिचाच: आत पाण्याचा थेंब येता कामा नये. चहाचा कपसुद्धा दाराबाहेरच्या फळीवर ठेवायचा आणि नंतर गार झालेला निमूटपणे प्यायचा.

त्या सकाळी धाकटा झरझर चढला. तिनं आज्ञा पाठवली. थोरला मात्र अर्ध्या चढणीवर पोटापर्यंत रुतला आणि कलंडला. त्याची सौरपाटी उन्हाकडे पाठ करून बसली. बॅटरी फार तर संध्याकाळपर्यंत तग धरणार होती.

"धाकटा चढला, मग थोरल्याला काय धाड भरली?" मोठे साहेब कडाडले. "एक तर चाक बिघडलंय, नाहीतर बाई, तुमचा हात चुकलाय. आधी चाक बघा. हाताचं नंतर बघू."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हात चुकला म्हणे! पण सांगणार काय? धाकटा खरंच चढला होता. मग दिवसभर चाकांच्या चर्चेचं गुऱ्हाळ चाललं आणि थोरला तिकडे निपचित पडून राहिला.

तिचा नवरा या आवाराचा व्यवस्थापक. आदल्या दिवशी बडे पाहुणे शेड पाहून गेले, त्यांची सरबराई त्यानंच केली होती. आज तो वरच्या नियंत्रण कक्षात कोपऱ्यातल्या खुर्चीत नखं कुरतडत बसला होता.

"दोन घास खाऊन घे ना," तो हळूच म्हणाला.

"तिकडे थोरला मरायला टेकलाय आणि तुला घास सुचतायत?" ती फिस्कारली. बिचारा पुन्हा नखं कुरतडू लागला. बिचारा कसला!

दुपार कलली तशी ती पुन्हा शेडमध्ये गेली. धाकट्याला चढवलं. मेला पुन्हा चढला. संतापाच्या भरात तिनं मूठभर माती उचलली आणि भिंतीवर भिरकावली. ती पिठासारखी उधळायला हवी होती. पण गोळा थाडकन आपटला आणि भिंतीला चिकटून बसला.

ती त्या गोळ्याकडे बघतच राहिली.

"पाणी!" ती किंचाळली. "इथं पाणी कुणी मारलं?"

मागोमाग आलेला नवरा दारातच थबकला. "पाहुण्यांचे काळे कोट होते गं. धूळ बसली असती. थोडंसंच शिंपडलं. वरून सुकलेली दिसली, म्हटलं झालं."

ओलीनं घट्ट झालेल्या मातीवर धाकटा चढला होता, आणि त्याच्या भरवशावर तिनं थोरल्याला कोरड्या धुळीत ढकललं होतं. भांडायला वेळ नव्हता. कोठारातून कोरड्या मातीची पोती आली. मोठ्या साहेबांनीसुद्धा खांद्यावर एक घेतलं. नव्या मातीत धाकटा अगदी तसाच रुतला, तसाच कलंडला. मग तिनं पुढची चाकं आडवी वळवली, मागची उलटी फिरवली, आणि तो गचके खात बाहेर आला. सुटका इतकी सोपी होती! ती धावत वर नियंत्रण कक्षात गेली आणि तीच आज्ञा चंद्रावर पाठवली.

उत्तर आलं नाही. पुन्हा पाठवली. पुन्हा नाही. खाली पोती रिकामी होत होती, तेवढ्यातच बॅटरीनं मान टाकली होती.

मोठे साहेब चष्मा पुसत बसले. हाताचा विषय त्यांनी काढला नाही आणि माफीचाही नाही.

जिन्यात नवरा उभा होता. डोळे भरलेले. "माझं चुकलं," तो म्हणाला.

"चुकलं ते काल," ती म्हणाली. "चुकतं माणसाचं, मी पदरात घेतलं असतं. पण आज सकाळी तो रुतला तेव्हाच तुला कळलं होतं. साहेबांनी माझ्या हाताला दोष दिला तेव्हाही तू तिथंच बसला होतास. दिवसभर, त्याची बॅटरी संपेपर्यंत. आणि मला म्हणालास, दोन घास खा."

तो काही बोलला नाही. तेवढं त्याला चांगलं जमत होतं.