सहाव्या खोलीतली गैरहजर

मेडिकल कॉलेजात त्यांना सगळे पेशंटमावशी म्हणत. वास्तविक मावशींना साधा रक्तदाबसुद्धा नव्हता. उभी हयात नाटकांत दुय्यम भूमिका करण्यात गेली, आणि म्हातारपणी नशिबाने असं काम दिलं की टाळ्या नाहीत, पडदा नाही, प्रेक्षक एकच, आणि तोही कोपऱ्यात बसून गुण मांडणारा. परीक्षेच्या दिवशी मावशी पेशंट व्हायच्या. विद्यार्थी येऊन विचारपूस करायचा, परीक्षक त्याला गुण द्यायचे. "घरी पण आजाराची नाटकंच करता की," सून म्हणायची, "तिथे निदान त्याचे पैसे तरी मिळतात."

या खेपेला त्यांच्या वाट्याला जगण्याला विटलेली बाई आली होती. झोप नाही, भूक नाही, हौसेने वाढवलेली झाडं शेजारणीला देऊन टाकलेली. नियम असा की विद्यार्थ्याने आडून आडून विचारलं तर मावशींनीही आडून आडूनच बोलायचं. त्याने मरणाचं नाव सरळ घेतलं, "जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारलं, तरच "हो" म्हणायचं. त्या "हो"पाशी मावशींचं काम संपायचं. पुढे काय करायचं ते मुलं पुढच्या खोलीत जाऊन कागदावर लिहीत. अशा ओळीने आठ खोल्या होत्या. घंटा झाली की सगळी मुलं एकेक खोली पुढे सरकत. मावशी सहाव्या खोलीत.

सकाळपासून मुलं येत होती आणि एका साच्यातून काढल्यासारखी बोलत होती. "मी समजू शकतो, हे तुमच्यासाठी किती अवघड आहे." मान हलवायला अर्धा गुण होता, टिश्यूचा डबा पुढे सरकवायला अर्धा. तो डबा इतक्या जणांनी सरकवला की पार टेबलाच्या काठावर आला, तेव्हा मावशींनीच तो परत पलीकडे ढकलला. त्यांना हसू यायचं आणि कीवही यायची. मुलांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं, नखं कुरतडून संपलेली, आणि ही मुलं त्यांना विचारत होती, "तुम्हाला झोप लागते का?"

पुन्हा घंटा झाली. दार वाजल्याचं काही मावशींनी ऐकलं नाही. त्या नाकाला रुमाल लावून आधीच्या रडण्यातून सावरत होत्या. मान वर केली, तर समोरच्या खुर्चीत एक मुलगी बसलेली. पांढरा कोट, ओले केस, डाव्या भुवईत जुनी खोक. पायांत काहीच नव्हतं.

परीक्षकांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सर म्हणजे वयाने मावशींच्या धाकट्या भावाएवढे, एरवी सज्जन माणूस. त्यांनी पाय लांब केले, पिशवीतून सँडविच काढलं आणि खायला सुरुवात केली. 'काय माणूस आहे!' मावशी मनात म्हणाल्या. 'पोरीचा जीव टांगणीला लागलाय आणि हा चरतोय.'

मुलगी काहीच विचारेना. तेव्हा मावशींनी आपलं पहिलं वाक्य टाकलं. "डॉक्टर, हल्ली कशातच मन लागत नाही हो."

"माझंही," मुलगी म्हणाली.

ती बोलली हाताभरावरून, पण आवाज बंद दाराच्या पलीकडून आल्यासारखा होता. मावशींनी कान पुढे केला.

"झोप येत नाही. घरी सांगितलंय, सगळं छान चाललंय. पुस्तकं खालच्या वर्गातल्या एका मुलीला देऊन टाकली. ती बिचारी इतकी खूश झाली!"

मावशींना आधी रागच आला. आपले संवाद हिने कुठून तरी मिळवले आणि आपल्यालाच ऐकवतेय, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. खोटं रडणारे, खोटं हसणारे चेहरे त्यांनी जन्मभर रंगमंचावर जवळून पाहिले होते. हा चेहरा काहीच करत नव्हता. त्याच्यावरून सगळं पुसून टाकल्यासारखं झालं होतं.

"मावशी, मला विचारा ना," मुलगी म्हणाली.

काय विचारायचं ते मावशींना पक्कं ठाऊक होतं. सकाळपासून तोच प्रश्न त्या ऐकत होत्या. पण पेशंटने प्रश्न विचारायचे नसतात. पेशंट भूमिकेतून बाहेर आला की विद्यार्थ्याचे गुण जातात आणि पेशंटचं कामही जातं, हे त्यांच्याकडून घोकून घेतलेलं. शिवाय सर समोर होते. काही वेडंवाकडं असतं तर डॉक्टर माणूस गप्प बसला असता का? मावशींनी पुढचं वाक्य म्हटलं.

"झाडं मी शेजारणीला देऊन टाकली, डॉक्टर."

मुलगी वाट पाहत राहिली. तिच्या केसांतलं पाणी टपटप पडत होतं, पण जमीन काही ओली होत नव्हती. मावशी खाली त्या कोरड्या फरशीकडे बघत असतानाच घंटा झाली. त्यांनी वर पाहिलं तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि दार बंदच होतं.

सरांनी तोंड पुसलं. "बरं झालं, जरा दम खाता आला. एक विद्यार्थिनी गैरहजर आहे, त्यामुळे ही वेळ रिकामी. पण तुमची कमाल आहे हं, मावशी! समोर कुणी नाही तरी तालीम चालूच!"

"कुणी नाही कसं? बसली होती की इथे!"

"कोण?" असं सर विचारतात तोच दार उघडलं आणि पुढचा विद्यार्थी आला. भांग चापून पाडलेला, वर्गात पहिला येणाऱ्यांपैकी दिसत होता. त्याने हात निर्जंतुक केले, नमस्कार केला, नाव सांगितलं.

"बाळा, ते सगळं राहू दे," मावशी म्हणाल्या. "मी आता नाटक करत नाहीये. एक मुलगी आत्ता इथे येऊन गेली. ती स्वतःच्या जिवाचं काहीतरी बरंवाईट करून घेणार आहे. कुणीतरी जा तिच्याकडे."

मुलाचे डोळे चमकले. असा अवघड पेशंट मागच्या परीक्षांत कुणाला आलेला नव्हता. त्याने मान हलवली. "मी समजू शकतो, हे तुमच्यासाठी किती अवघड आहे," असं म्हणत त्याने डबा पुढे सरकवला.

"अरे मेल्या, खरं बोलतेय मी!"

"तुम्हाला राग येणं अगदी स्वाभाविक आहे."

मावशींनी सरांकडे पाहिलं. सर कौतुकाने हसत दोघांकडे बघत होते आणि पेन चालवत होते. आपण गळा फोडून ओरडलो तरी इथे त्याचेही गुणच पडणार, हे मावशींच्या ध्यानात आलं आणि त्यांना दरदरून घाम फुटला. त्या उठल्या. या खोल्यांतून पेशंट आजवर कधी उठून गेला नव्हता. तो मुलगा तर जागच्या जागी खिळला. पेशंट उठून गेला तर काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

सर मागोमाग व्हरांड्यात आले. "मावशी, परीक्षा चालू आहे! तुम्हाला पुन्हा बोलावणार नाहीत हं, आधीच सांगतो."

"नका बोलावू. ती गैरहजर पोरगी राहते कुठे?"

"हॉस्टेलवर. तिला मेसेज गेलाय. समुपदेशन कक्षालाही कळवलंय, ते सोमवारी बोलावतील."

"भुवईत खोक आहे ना तिच्या? डाव्या?"

सरांचा चेहरा उतरला. "तुम्ही तिला कधी पाहिलंत? ती तर महिनाभर वर्गातच आलेली नाही."

"सोमवारपर्यंत राहील का ती, सर?"

दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकून ज्याचे गुण देत बसले होते, तोच प्रश्न सरांना कुणीतरी सरळ विचारला होता. त्यांनी हातातलं पेन खिशात घातलं आणि चक्क धावत सुटले. मावशी धापा टाकत त्यांच्या मागे.

हॉस्टेल कॉलेजच्या मागच्या अंगाला होतं. जिन्यात हसऱ्या चेहऱ्याचा मोठा फलक होता, 'बोला, आम्ही ऐकतोय'. खाली बारीक अक्षरांत ऐकण्याच्या वेळा. रेक्टरबाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन आल्या. "शहाणी मुलगी आहे हो, कधी तक्रार नाही," असं त्या आतून लावलेल्या कुलपाशी झटताना सारखं म्हणत होत्या.

दार उघडलं. मुलगी कॉटवर बसली होती. जिवंत होती. केस ओले, पाय उघडे, आणि फरशीवर पाण्याचं थारोळं. टेबलावर जे मांडून ठेवलं होतं ते सरांनी झडप घालून उचललं. ते काय होतं ते इथे सांगण्याचं कारण नाही. फळीवर एकही पुस्तक नव्हतं. आणि कॉटसमोर, बरोबर हाताभरावर, एक रिकामी खुर्ची ठेवलेली होती.

सर काहीतरी बोलायला गेले. "मी समजू..." एवढंच आलं आणि त्यांनी ओठ मिटले.

मावशी पुढे झाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच हे वाक्य त्यांच्या बाजूने यायचं होतं, आणि ते काही केल्या जिभेवर येईना. शेवटी आलं. "पोरी, जीव द्यावासा वाटतोय का तुला?"

"हो," मुलगी म्हणाली.

इथवरच मावशींना येत होतं. या "हो"नंतर त्यांच्यासमोर कुणी कधी थांबलंच नव्हतं. पुढे काय बोलायचं असतं ते त्यांना माहीत नव्हतं. त्या समोरच्या रिकाम्या खुर्चीत टेकल्या. खुर्ची चांगली ऊबदार होती, नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखी.

मुलीने आता कुठे त्यांच्याकडे पाहिलं. ओळख नसलेल्या बाईकडे पाहावं तसं ते पाहणं नव्हतं.

"मघाशी इथेच बसला होतात," ती म्हणाली. "मी म्हटलं, मला विचारा. तुम्ही झाडांचं काहीतरी बोललात आणि उठून गेलात."

मावशींच्या अंगावर सरसरून काटा आला. पण त्यांनी तिचा हात हातात घेतला.

"चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "आता सांग. मी बसलेय."