किशनची पेनल्टी

फायनल बरोबरीत सुटली आणि पेनल्टी मारायची वेळ आली. जोतिबा गोलात उभा होता, आणि समोरच्या शिवतेज संघाकडून शेवटची पेनल्टी मारणार होता किशन. त्याचा चुलतभाऊ.

दोघं येळ्ळूरचे, एका अंगणात वाढलेले. किशनच्या वडलांनी, गुंडूआप्पांनी, दोघांना एकाच तालमीत उतरवलं होतं. पुढं कुस्ती सुटली नि पोरांनी फुटबॉल धरला. किशन शहापूरच्या शिवतेजमध्ये गेला. जोतिबा उद्यमबागेत फाउंड्रीला लागला, तिथं त्याच्या शेजारी शहरातल्या कॅम्प वस्तीतला तौसीफ मुल्ला काम करायचा. तौसीफच्या न्यू स्टार संघाला गोलकीपर नव्हता. "येतोस काय?" त्यानं विचारलं, नि जोतिबा गेला. त्याच्या लेखी गोष्ट एवढीच होती. गावाच्या लेखी नव्हती.

कारण अलीकडं मैदानावर चेंडूपेक्षा देवच जास्त खेळवले जात होते. न्यू स्टारची पोरं मॅचआधी रिंगण करून दुआ मागायची. गोल मारला की एखादा जमिनीला कपाळ टेकून सजदा करायचा, त्याचा व्हिडिओ सगळ्या मोबाइलवर फिरायचा नि त्याखाली शिव्यांचा खच पडायचा. मग शिवतेजची पोरं कपाळावर भंडारा फासून, गळ्यात भगवे शेले घालून यायला लागली. त्यांच्या घोषणा ऐकून हे देवाला हाक मारतायत की समोरच्याला दम देतायत, ते कळायचं नाही. दुआच्या वेळी जोतिबा जरा बाजूला उभा राहायचा. "तू तुझ्या देवाचं नाव घे, भाई," तौसीफ म्हणायचा. "बॉल तेवढा अडव."

किशन धावत आला. त्यानं मान खाली घालून सगळ्या ताकदीनं चेंडू हाणला. जोतिबानं अंग झोकून दिलं. चेंडू त्याच्या पंजावर आदळून खांबाबाहेर गेला.

न्यू स्टार जिंकलं. जोतिबाला हसावं की रडावं कळेना. तो गुडघ्यावर बसला, दोन्ही तळवे जमिनीला टेकले आणि कपाळ मातीला लावलं. कुस्ती मारली की गुंडूआप्पा दोघांनाही हेच करायला लावायचे. ज्या मातीनं सांभाळलं तिच्या पाया पडायचं, मग उठायचं. ती सवय अंगात मुरलेली होती.

पण त्याच्या अंगात कीपरचा हिरवा टी-शर्ट होता.

"सजदा केला रं! मराठ्याच्या पोरानं सजदा केला!"

दोर तोडून माणसं आत घुसली. पहिली प्लॅस्टिकची खुर्ची पाठीत बसली, मग कॉर्नरच्या झेंड्याची काठी खांद्यावर. जोतिबा उठायला गेला तर कुणीतरी केस धरून त्याचं तोंड जमिनीवर आपटलं. दात ओठात घुसला. रक्त थुंकून मान वर केली तर त्याला किशन पळत येताना दिसला आणि त्याच्या जिवात जीव आला.

"किशन, सांग की ह्यास्नी! मी मातीच्या पाया पडलतो! तुला ठाव हाय!"

त्यानं किशनकडं हात पुढं केला. किशन थांबला. त्यानं जोतिबाच्या डोळ्यांत बघितलं, मागच्या गर्दीकडं बघितलं. मग पाय उचलला नि बुटाचे खिळे त्या पुढं केलेल्या हातावर दाबले. हाडं मोडल्याचा आवाज जोतिबाला दुखण्याच्या आधी ऐकू आला.

पुढचा मार तौसीफनं खाल्ला. तो जोतिबाच्या अंगावर पालथा पडला नि तसाच पडून राहिला, डोकं फुटलं तरी हलला नाही. शेवटी पोलिसांच्या लाठ्या सुरू झाल्या तेव्हा माणसं पांगली.

इस्पितळात जोतिबाची आई मालुबाई उशाशी बसली होती. तिथं शिवतेजचा पुढारी शामूअण्णा आला. खुर्ची ओढून बसला नि अगदी मायेनं बोलला.

"झालं ते झालं, जोतिबा. पोलीस आले की सांग, सजदा मी केलाच न्हाय, करंना म्हणून कॅम्पातल्या पोरांनीच मला हाणलं. तुझ्यावरचा डाग बी जाईल."

"मला त्यांनी न्हाय मारलं."

"ते तुला नि मला ठाव. बाहीर पोरं तयार हायत. तुझा एक शब्द आला की कॅम्पात शिरत्यात."

शेजारच्या खाटेवर डोक्याला पट्ट्या बांधलेला तौसीफ पडला होता. त्याच्या भावाचं गॅरेज आदल्या संध्याकाळीच कुणीतरी पेटवलं होतं. आत झोपलेला कामगार भाजून निघाला होता.

शामूअण्णा गेल्यावर मालुबाईनं लेकाचा धड हात धरला. "त्याचं ऐकू नगंस. पर किशनचं नाव बी घेऊ नगंस, बाळा. एका अंगणात ऱ्हायाचं हाय. कोण ते दिसलं न्हाय म्हण."

"मग अण्णा सांगंल ते खरं हुईल, आई."

जबाब घ्यायला फौजदार आला. कानडी माणूस, तुटक मराठीत म्हणाला, "कोण मारलं? नाव सांग."

"किशन गुंडू कुगजी," जोतिबा म्हणाला. बाकीची ओळखीची नावंही त्यानं सांगितली. मालुबाईनं पदर तोंडात कोंबला.

कॅम्प वाचला. जोतिबाचं घर मात्र सुटलं नाही. कौलांवर दगड पडू लागले, दाराला कुणीतरी चपलांची माळ बांधली. जामिनावर सुटल्यावर किशन थेट अंगणात आला, हातात कोयता घेऊन.

"भावाचं नाव पोलिसांत देतोस?"

"भावानं हात मोडला तवा?"

कोयता उगारला गेला. जोतिबा त्याच्या अंगाशी भिडला, डाव्या हातानं त्याचं मनगट पकडलं नि टांग घालून त्याला फरशीवर आदळलं. कोयता खणखणत लांब गेला. जोतिबानं छातीवर गुडघा रोवला नि त्याच्या तोंडावर ठोसे घातले, एकामागून एक, नाकातून रक्त येईपर्यंत.

"तुला ठाव न्हवतं मी काय करत हुतो ते? बोल!"

"ठाव हुतं!" किशन रडत ओरडला. "सगळं ठाव हुतं! सगळ्या गावासमोर माझी पेनल्टी अडवलीस तू! वर तुझ्या बाजूनं बोललो असतो तर त्यांनी मलाच फाडला असता!"

पलीकडच्या दारात गुंडूआप्पा उभे होते. त्यांनी ते ऐकलं. ते सावकाश आले, जोतिबाला बाजूला सारलं नि अंगणातला खराटा उचलून, जवान लेकाला त्याच्या दांड्यानं झोडपायला लागले. दांडा मोडला तरी थांबेनात. "मातीच्या पाया पडणाऱ्याला..." एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते, पुढचं वाक्य त्यांना सुचत नव्हतं. शेवटी मालुबाई त्यांच्या हाताला लोंबकळली.

"आप्पा, मरंल तो! सोडा!"

कोर्टात केस अजून चालू आहे. गुंडूआप्पा लेकाविरुद्ध साक्ष द्यायला तयार झाले, म्हणून किशनची आई माहेरी गेली ती परत आलेली नाही. किशन पुण्याला असतो म्हणतात. मालुबाई जावेला फोन करते. ती उचलत नाही.

जोतिबाची बोटं मिटत नाहीत. गोलात उभं राहणं संपलं, पण तो न्यू स्टारकडूनच बचावात खेळतो, नि गर्दीतून अजून त्याला काहीबाही ऐकवलं जातं. तौसीफला डाव्या कानानं आता ऐकू येत नाही, म्हणून मैदानावर जोतिबा त्याच्या उजव्या अंगालाच राहतो आणि चेंडू आला की मोठ्यानं हाक मारतो.