पुढची पात

"अक्का, तुम्ही बांधावर बसा. पुढची पात मी धरते," मंदी म्हणाली आणि खुरपं घेऊन कांद्यात उतरलीसुद्धा.

हौसा बघत राहिली. बघणार तरी कशानं? पापण्या सुजून डोळ्यांच्या नुसत्या फटी उरलेल्या. मान आणि कोपराच्या खोबणी गाजरगवतानं जाळून काढलेल्या. पुढची पात धरणारीच्या मागं अख्खी टोळी चालते. ती टेकली की बाया टेकतात, ती उठली की उठतात. हौसाचा जन्म त्या जागेवर गेला, आणि धाकट्या जावेनं ती पदर खोचून घेतली.

डॉक्टर म्हणाला होता, "इतकी वर्षं उपटलंत, म्हणून आता अंगावर उठलं. यापुढं त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका."

म्हणजे जी राबली तिलाच शिक्षा! मंदी नवी नवरी होती तेव्हा तिच्या पातीतलं गाजरगवतही हौसाच उपटायची. नाजूक हात म्हणे! त्या हातांवर आज साधा पुरळ नाही.

संध्याकाळी मंदी भाकरी थापत होती. हौसानं हाताला पिशवी गुंडाळली, परसातली गाजरगवताची फुलोऱ्यातली दोन झाडं उपटली. रानात मंदी साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालायची. त्याच्या कॉलरीत हौसानं ती फुलं दात खाऊन चोळली. होऊ दे भवानीचं तोंड भोपळ्याएवढं!

काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मंदी गुणगुणत परतली. हौसाची बोटं मात्र पिशवी असूनही रात्रभर पेटली होती.

"अक्का, कॉलरीत गाजरगवत कुठनं आलं वो?"

"वाऱ्यानं आलं असंल."

"वाऱ्यानं? चोळून चोळून बसवलंय की!" मंदी हसली. मग तिची नजर हौसाच्या सुजलेल्या बोटांवर गेली, आणि हसणं तोंडातच राहिलं.

पुढच्या संध्याकाळी मंदी थेट घरात आलीच नाही. शर्ट बाहेरच्या दगडावर आपटल्याचा आवाज आला. मग अंगावर पाणी ओतल्याचा. पौषातलं गार पाणी.

"अक्का, कडी काढा. सगळं धुऊन आलेय, आता तुम्हाला काय व्हायचं नाही." मंदीचे दात वाजत होते. "लवकर काढा वो, गारठले मी."

हौसा उठली. कडीवर हात ठेवला आणि आता हिला कुठल्या तोंडानं सामोरं जावं म्हणून तशीच उभी राहिली. बाहेर दात वाजतच होते.