जांभळ्याचं घर

मी एक जुना शंख आहे. मेहकरातल्या एका नव्या घराच्या शोकेसमध्ये मला ठेवलं आहे. येणारे-जाणारे म्हणतात, काय देखणा शंख आहे! मित्रांनो, मी शोभेला बसलेलो नाही. मी डूख धरून बसलो आहे.

माझा जन्म फार दूरच्या एका बेटावरचा. समुद्रातल्या एका गोगलगायीनं थरावर थर चढवून मला घडवलं. ती गेली आणि लाटांनी मला वाळूवर आणून टाकलं. मग एक खेकडा आला. त्याची पाठ मऊ, उघडी. तो माझ्यात राहायला लागला. तो मला पाठीवर घेऊन हिंडायचा आणि ऊन तापलं की मी त्याला पोटात घ्यायचो. किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड केलेलं एक लाकडी लॉज होतं, मागं सगळं जंगल. लॉजचा राखणदार प्रत्येक पाहुण्याला हात जोडून सांगायचा की इथलं काहीही उचलून नेऊ नका.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत तिथं भालचंद्रराव उतरले. मेहकरच्या एका कचेरीतले कारकून. बरोबर त्यांची बायको स्नेहलता आणि मुलगी हिमानी. हिमानी रोज पायरीवर बसून माझ्या खेकड्याला खोबऱ्याचा तुकडा द्यायची. त्याची डावी नांगी जांभळी होती, म्हणून तिनं त्याला जांभळ्या नाव दिलं. ती आली की तो लपत नसे.

निघायच्या सकाळी भालचंद्ररावांनी मला उचललं. जांभळ्या घाबरून पार खोल शिरला. मेहकरच्या नव्या घराची वास्तुशांती तोंडावर आली होती आणि खऱ्या समुद्राचा शंख आपण सगळ्यांपुढं फुंकायचा, अशी हौस त्यांनी धरली होती.

"अहो, राहू द्या ना. तो माणूस काय सांगून राह्यला होता?" स्नेहलताबाई म्हणाल्या.

"एका शंखानं काय समुद्र आटून राह्यला का?" असं म्हणत त्यांनी मला मोज्यात कोंबलं.

मेहकरला आल्यावर त्यांनी माझ्यात डोकावून पाहिलं. नांगी हलली. जांभळ्या जिवंत आहे हे त्यांना दिसलं, मित्रांनो, स्वच्छ दिसलं. तरी त्यांनी मला फिनेलच्या बादलीत बुडवलं. जांभळ्या माझ्या भिंतींवर खरवडत राहिला आणि मग थांबला. ते खरवडणं मी विसरलेलो नाही. नंतर त्यांनी तारेनं निघेल तेवढं ओढून भिंतीपलीकडं फेकलं.

"पप्पा, यात जांभळ्या नाही ना?" हिमानीनं विचारलं.

"रिकामा आहे वं पोरी. तो तिथंच उतरून गेला."

पोरीनं विश्वास ठेवला. फुंकता यावं म्हणून त्यांनी वेल्डिंगच्या दुकानातून माझं टोक कापून आणलं. पण जांभळी नांगी माझ्या वळणात अडकून राहिली होती. अडकली कसली, मी धरून ठेवली होती.

वास्तुशांतीला अंगणात मांडव भरला. आरती सुरू झाली. सोवळं नेसलेल्या भालचंद्ररावांनी मला तोंडाला लावलं आणि गाल फुगवून फुंकलं. मी मुका राहिलो. पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच. शेजारचे उकंडराव हसून म्हणाले, "काऊन भालचंद्रराव, शंख रुसला का तुमच्यावर?"

लोक हसले. काहीतरी अडकलंय म्हणून त्यांनी चिडून जोरानं आत ओढलं. आणि मी धरलेलं सोडलं.

सडलेली घाण त्यांच्या तोंडात गेली. सोवळ्यातला माणूस सगळ्या मांडवादेखत थू थू करत ओकला. जांभळी नांगी हिमानीच्या पायाशी पडली. तिनं ती उचलली, ओळखली.

"पप्पा, तुम्ही रिकामा म्हणाले होते."

भालचंद्ररावांना तिच्याकडं बघता येईना. मला जे हवं होतं ते तेव्हा मिळालं.

नांगी तिनं परसात पुरली. वडील मला फेकायला निघाले तर तिनं फेकू दिलं नाही. मला शोकेसमध्ये तिनंच ठेवलं आहे, बरोब्बर त्यांच्या खुर्चीसमोर.

मित्रांनो, बेटावर जा, लॉजच्या पायरीवर बसा, डोळे भरून समुद्र पाहा. पण वाळूतल्या घराला हात लावू नका. आत कुणीतरी राहत असतं. आणि घरं विसरत नाहीत.

या घरात नारळ फुटला की आजही आधी सगळे थांबतात. हिमानी पहिला तुकडा आणून माझ्या तोंडाशी ठेवते आणि वडिलांकडं बघते. नारळ भालचंद्ररावांनाच फोडावा लागतो.