काठावर बसणारी माणसं

मित्रांनो, आपल्याला दारात पाहून येणाऱ्याचा चेहरा पडावा, अशी वेळ कोणावर येऊ नये. माझ्यावर ती रोज येते.

मी चाकांची खुर्ची. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांत माजी सैनिकांचं एक रुग्णालय आहे. त्याच्या तातडीच्या विभागाच्या दारात मी उभी असते. माझं पुढचं डावं चाक कुरकुरतं, ब्रेक लहरीप्रमाणे लागतो आणि माझी बैठक फाटली आहे. ती मधोमध फाटलेली नाही, पुढच्या काठाला फाटली आहे. माझी सगळी कहाणी त्या काठाचीच आहे.

कारखान्यात आम्ही पुष्कळ बहिणी एकदम तयार झालो. एक विमानतळावर गेली. तिथे रांग चुकवायला चांगली धडधाकट माणसं लंगडत येऊन तिच्यात बसतात, असं ऐकते. मला सैनिकांच्या रुग्णालयात धाडलं, तेव्हा बाकीच्या बहिणी हेव्याने गप्प झाल्या. मीही फुगले. शूर माणसं आपल्या मांडीवर बसणार, यापेक्षा मोठा मान कोणता?

पहिल्याच दिवशी एक आजोबा भिंतीला धरून आत आले. त्यांचं कमरेचं हाड मोडलं होतं आणि ते ट्रक चालवत आले होते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या आईबद्दल काही वाईट बोलले होते.

"ती खुर्ची कुणा गरजूला द्या," ते म्हणाले आणि चालत पुढे गेले.

तेव्हापासून प्रत्येक जण मला हेच सांगत आला आहे. तो गरजू कोण, कुठे राहतो, मला माहीत नाही. इतक्या वर्षांत तो काही आलेला नाही.

अगदीच नाइलाज झाला तर ती माणसं बसत. पण कशी? पुढच्या काठावर, आत्ता उठायचंच आहे अशी. डोक्यावर टोपी असे, तिच्यावर सोनेरी धाग्याने जहाजाचं किंवा लढाईचं नाव. माझ्यात बसताना ती टोपी काढत आणि अक्षरं खाली करून मांडीवर पालथी ठेवत. मला फार लाज वाटे. माझ्यात बसल्यावर माणसाला आपलं नाव लपवावंसं वाटतं, तर माझ्यातच काही तरी खोट असली पाहिजे, असं मी धरून चालले.

वरच्या मजल्यावरच्या समितीने यावर उपाय काढला. समितीने माझं नाव 'गतिसाथी' ठेवलं आणि पाठीला देशाचा झेंडा शिवला. त्यानंतर काठावर बसणारेही बसेनात. झेंड्याला पाठ लावून बसणारा सैनिक अजून जन्माला यायचा आहे. समिती पुन्हा भरली, झेंडा काढला गेला आणि उपक्रम यशस्वी झाल्याचं जाहीर झालं.

अशा या ठिकाणी डॉक्टर नोरीन टॅकेट कामाला आल्या. आधी त्या मोठ्या शहरातल्या रुग्णालयात होत्या. तिथे बोट कापलेला माणूस "मेलो, मेलो" ओरडत येतो. इथे खरोखर मरायला टेकलेला माणूस टोपीला हात लावून म्हणतो, "तुम्हाला सवड असेल तर बघा, मॅडम. आधी त्या पलीकडच्याला घ्या, त्याचं जास्त आहे." पलीकडचाही अलीकडच्याकडे बोट दाखवतो. दहापैकी किती दुखतंय, असं विचारलं तर ही माणसं दोन सांगतात. हात तुटला असला तर तीन.

नोरीनबाईंनी तो आकडा विचारणं सोडलं. त्या एकच विचारत, "अलीकडे काय करायचं सोडलंत?"

"काही नाही, मॅडम. हां, यंदा हरणाच्या शिकारीला नाही गेलो."

एवढं ऐकलं की त्या लगेच त्याला पलंगावर घेत. या डोंगरातला माणूस शिकार सोडतो, म्हणजे त्याच्या छातीत पाणी तरी भरलेलं असतं किंवा मेंदूत गाठ तरी असते. या एका प्रश्नाने त्यांनी पुष्कळांना मरणाच्या दारातून ओढून आणलं. त्या प्रश्नाचा त्यांना थोडा अभिमानही होता, आणि तो रास्तच होता.

मला ढकलायचं काम होबार्ट क्रिगरकडे होतं. तो स्वतः माजी सैनिक, व्हिएतनामच्या लढाईत जखमींना पाठीवर घालून आणणारा. आता लाल बंडी घालून विनावेतन माझ्यामागे उभा असे. दर शुक्रवारी घरी भाजलेले, आत तिखट सॉसेज भरलेले पावाचे रोल तो सगळ्या विभागाला आणत असे. लोकांना माझ्यात बसवावं तर त्यानेच.

"बस रे बाबा," तो म्हणे. "रिकामी खुर्ची ढकलत फिरलो की लोक म्हणतात, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. माझ्या अब्रूसाठी बस."

आणि ते बसत. दुसऱ्याची अब्रू म्हटल्यावर त्यांचा नाइलाज होई.

आता त्या शुक्रवारचं सांगते.

सकाळी होबार्ट आला तो मोकळ्या हातांनी. नोरीनबाई कॉफी घेऊन जात होत्या.

"होबार्ट, रोल कुठेत?"

"आज ओव्हन रुसलाय, मॅडम."

"मग आम्ही काय उपाशी मरायचं?"

"सैन्यात उपासाने कोणी मरत नाही, मॅडम. जेवण बघून मरतात."

बाई हसत हसत निघून गेल्या.

थोड्या वेळाने त्या आम्हाला लिफ्टपाशी भेटल्या. होबार्ट कधी लिफ्टने जात नसे. चढणीच्या रॅम्पवरून मला वर ढकलत नेणं हा त्याचा व्यायाम होता.

"आज लिफ्ट? तुम्ही?"

"हिच्या चाकाला चढ सोसत नाही हल्ली," त्याने माझ्यावर ढकललं.

मित्रांनो, माझं चाक कुरकुरतं, पण चढाला ते कधी हटलेलं नाही. हा आरोप खोटा होता. बाईंना तो खरा वाटला.

तिसऱ्यांदा त्या आल्या तेव्हा जवळजवळ पळत होत्या. आत कोणाचा तरी श्वास अडकला होता. होबार्ट माझ्या दोन्ही मुठींवर भार टाकून उभा होता. त्याचे हात गार आणि ओले होते. नेहमी तो मला धरत असे, त्या वेळी मी त्याला धरलं होतं.

"सगळं ठीक?" बाईंनी पळता पळता विचारलं.

"एकदम!" होबार्टने अंगठा दाखवला.

बाईंनीही अंगठा दाखवला आणि त्या आत गेल्या. मी जीव तोडून कुरकुरले. पण मी रोजच कुरकुरते. माझं कोण मनावर घेणार?

तेवढ्यात दारातून डेलमस वॉरिक आला. हा मरीन दलातला, म्हणजे जहाजावरून उतरून लढणारा. मधुमेहाने त्याचा उजवा पाय सडायला लागला होता. पायाला पट्टी, त्यावर घरातली सपात.

"काय रे, पाणबुड्या," होबार्ट म्हणाला. "आज बोट चुकली का?"

"तुझ्यासारख्या चिखलतुडव्याला बघायला चालत आलो."

"बस. माझ्या अब्रूसाठी."

"तुला कुठली आलीय अब्रू?" असं म्हणत डेलमस बसला. अर्थात काठावर. टोपी पालथी.

आम्ही निघालो. कॉरिडॉरच्या मध्यावर डेलमसने मानेला हात लावला.

"छत गळतंय का रे?"

"एसी गळतोय."

"नोव्हेंबरात?"

आणखी एक थेंब पडला. डेलमसने तो बोटावर घेतला, चाखला, तो घामासारखा खारट लागला, आणि पाय खाली टेकून सरळ उठून उभा राहिला. त्याने वळून होबार्टकडे पाहिलं. होबार्टचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता.

"तू बस."

"येडा झालास? तुझा पाय बघ. बस खाली."

"आधी तू."

"मी ढकलणारा आहे. बसणारा नाही."

आणि मित्रांनो, ते दोघं तसेच उभे राहिले. एकाचं हृदय बंद पडत होतं, दुसऱ्याचा पाय हातचा जात होता, आणि मधे मी रिकामी. बाकावरची चारदोन माणसं हे बघत होती. कोणी मधे पडलं नाही. त्या दोघांच्या जागी तीही उभीच राहिली असती.

नोरीनबाई बाहेर आल्या. त्यांनी आधी होबार्टचा चेहरा पाहिला, मग त्याचे हात, मग मला. मला वाटतं, रोल, लिफ्ट आणि अंगठा हे सगळं त्यांना तेव्हा एकदम दिसलं, कारण हातातला कागद त्यांनी तसाच खाली सोडला.

"होबार्ट, बसा."

"आधी याचा पाय बघा, मॅडम. माझं नुसतं पोट बिघडलंय."

"माझ्यासाठी बसा. माझ्या अब्रूसाठी."

होबार्ट फिकट हसला. "ही युक्ती माझी आहे, मॅडम."

ज्याने सगळ्यांना बसवलं, त्याला बसवायचं कसं? एकट्या बाईंनी त्याला ओढून बसवलं असतं तरी झटापटीत त्याचं हृदय तिथेच थांबलं असतं.

तेव्हा डेलमसने सपात काढली. डावा, चांगला पाय त्याने उचलला आणि सगळा भार त्या सडक्या पायावर घेऊन बगळ्यासारखा उभा राहिला. पट्टीतून लाल डाग पसरू लागला.

"मी असाच उभा राहणार," तो दात आवळून म्हणाला. "तू बसेपर्यंत. घाई नाही. मला आज दुसरं काम नाही."

होबार्टने त्या पट्टीकडे पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्याचं रक्त थांबवत आलेला माणूस तो.

"टेक तो पाय, गाढवा!" तो ओरडला, आणि धपकन माझ्यात बसला. काठावर. टोपी काढली, पालथी घातली आणि मान खाली घातली. इतकी वर्षं त्याने मला ढकललं, पण त्याचं वजन मला त्या दिवशी कळलं. तो हलका होता.

डेलमसला लॉनी नावाच्या पुरुष नर्सने बाकावर बसवलं. मला स्वतः नोरीनबाईंनी ढकललं. त्या पळाल्या आणि मीही पळाले. ब्रेकनेही त्या दिवशी शहाणपणा केला.

होबार्टच्या हृदयाची एक वाहिनी बुजली होती. वरच्या मजल्यावर ती उघडली. (त्या मजल्यावर समितीखेरीज उपयोगाची माणसंही आहेत.) तो वाचला. डेलमसच्या पायाची दोन बोटं गेली, पाय राहिला.

दुपारी बाईंनी मला पुन्हा दारापाशी आणून लावलं आणि एकाएकी त्या माझ्यातच बसल्या. काठावर. गळ्यातला स्टेथोस्कोप काढून मांडीवर ठेवला. ते बसणं मी ओळखलं.

"वाचला ना तो, डॉक्टर," लॉनी म्हणाला.

"त्याने मला तीनदा सांगितलं, लॉनी. रोल नाहीत. चढावर गेला नाही. आणि हिला लटकून उभा होता. मी अख्ख्या जिल्ह्याला विचारते, काय सोडलंत. याने न विचारता सांगितलं, तर मी म्हटलं, उपाशी मरायचं का."

"तो पेशंट नव्हता ना."

"तेच तर. तो आपला होता, म्हणून मी बघितलंच नाही."

बाई बराच वेळ तशाच बसून राहिल्या. काठ आणखी थोडा उसवला, पण मी कुरकुरले नाही.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्यासकट होबार्टच्या पलंगापाशी गेल्या. त्याने मला पाहून तोंड भिंतीकडे वळवलं.

"लाज गेली माझी, मॅडम. सगळ्यांसमोर बसवलंत."

"माझीही गेली. तीनदा तुमच्या समोरून गेले आणि पाहिलं नाही. मला माफ करा, होबार्ट."

त्याने तोंड पुन्हा इकडे वळवलं. "मग आपण एकाच पलटणीतले," तो म्हणाला. "मात्र रोलचं तुम्हाला आठवायला हवं होतं. भुकेल्या माणसाचं लक्ष हवं."

बाई हसल्या आणि त्यांनी डोळे पुसले.

वसंतात होबार्ट परत आला. ढकलायला मात्र बाईंनी मनाई केली. तर त्याने काय करावं? लाल बंडी घातली, माझ्यात बसला आणि मला स्वतःच दारात घेऊन गेला. तो चक्क टेकून बसला. टोपी डोक्यावर, अक्षरं समोर. येणारे जाणारे चमकून बघू लागले. कोणी छाती धरून, भिंतीला टेकत आत आलं की होबार्ट सावकाश उठतो.

"ए भाऊ, कॉफी घेऊन येतो. तोवर इथे बसून पहारा दे. खुर्च्या चोरीला जातात इथे."

पहाऱ्यावर नेमलेला सैनिक जागा सोडत नाही. तो बसतो. लॉनी त्याला आत घेऊन जातो तेव्हाही तो मागे वळून सांगत असतो, "अहो, माझी ड्यूटी आहे!" ती कॉफी अजून कोणालाही मिळालेली नाही.

नोरीनबाई रोज सकाळी येतात आणि पेशंटांच्या आधी होबार्टपाशी थांबतात, त्याचे हात हातात घेतात. "आज काय सोडलंत?"

"तुमची चेष्टा करणं सोडलंय, मॅडम."

"मग पलंगावर या लगेच!"

मित्रांनो, मी आता जुनी झाले आहे. नवी खुर्ची येणार म्हणतात, तिला कुरकुरणारं चाक नसेल. माझं मागणं थोडं आहे. कधी चाकात तेलाचा एक थेंब घाला. तुम्हाला जो ढकलत नेतो, त्याचे हातही एकदा बघत जा. तो "एकदम ठीक" म्हणाला तरी बघा. आणि कधी बसायची पाळी आलीच, तर टोपी डोक्यावर राहू द्या आणि मागे सरकून बसा. माझा फक्त काठ फाटला आहे. मागचं कापड अजून कोरं आहे, आणि तिथे पुष्कळ जागा आहे.