सुरयांच्या शेजारचं खोपटं

अंडं एकतीस मिलिमीटर लांब, वाळूच्या रंगाचं, वर तपकिरी ठिपके. तापमान बावीस अंश, म्हणजे भोवतीच्या वाळूइतकंच. त्यावर बराच वेळ कुणी बसलेलं नव्हतं. पाणथळीच्या अभ्यासक बाईंनी वहीत लिहिलं, ‘घरटे क्रमांक चौदा, सोडून दिलेले. कारण अनिश्चित.’

कारण चाळीस पावलांवर उभं होतं. लाकडी खोपटं, सहा झरोके, आत बाक. सुरय पक्ष्यांना त्रास न देता लोकांना ते बघता यावेत म्हणून बाईंनीच ते सुचवलं, जागा निवडली आणि मंजूर होईपर्यंत सगळ्यांचं डोकं खाल्लं. खोपटं उभं राहिलं आणि सुरय बिथरले. माणूस आत शिरला की थवा उठायचा, अंडी उघडी पडायची. तीन हंगामांत बाईंनी तीन अहवाल लिहिले. तिन्हींचा शेवट एकच, आणखी माहिती आवश्यक. ती गोळा करायला त्या रोज दोनदा जाऊन बसत. कुठे, तर खोपट्यात.

“बाई, एक विचारू?” राखणदार काका म्हणाले.

“विचारा.”

“पक्षी कशानं उठतात ते बघायला आपण आत जातो. आपण आत गेलो की ते उठतात. अजून किती वर्षं बघायचं?”

“नमुना लहान आहे, काका.”

“लहानच होणार. दर साली घरटी कमी होतायत.”

बाईंनी वही मिटली. शिकलेल्या माणसांशी वाद घालण्यात त्या तरबेज होत्या. काकांपुढे मात्र त्यांची डाळ शिजत नसे. अकरा घरटी उरली होती.

इतक्यात खोपटं मंजूर करणाऱ्या साहेबांचा फोन आला. “मॅडम, उद्या साठ पाहुणे येतायत. खोपट्याबद्दल तुम्हीच दोन शब्द बोला. तुमचंच लाडकं बाळ ते.”

‘अहवाल पूर्ण झाला की’ हे शब्द सवयीनं ओठांवर आले. काका चपलेतली वाळू झटकत होते, ऐकू येत नसल्याचं सोंग घेऊन.

“साहेब,” बाई म्हणाल्या, “जागा निवडताना मी चुकले. उद्या कुणाला पाठवू नका. पिल्लं उडेपर्यंत खोपटं बंद, मलासुद्धा. आणि हंगाम संपला की ते तिथून काढून टाका.”